पाचवं शील तेवढं गाळा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं माझी बायको म्हणते. असेल. एसटीत कंडक्टर होतो मी. सोलापूर-मैंदर्गी, सोलापूर-अक्कलकोट या गाड्यांवर उभ्या उभ्या आयुष्य गेलं, आणि गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरणाऱ्यांशी रोज तोंड वाजवलं. पण तो राग पुढच्या थांब्याला उतरून जायचा. हा उतरत नाही. परवा डॉक्टर म्हणाले, त्रिंबकराव, बीपी वाढलाय, डोक्याला ताप करून घेऊ नका. म्हटलं, डॉक्टर, तुम्ही आमच्या पारूबाईची हकीकत ऐका आणि मग स्वतःचा बीपी मोजा.

पारूबाई म्हणजे आमची शेजारीण, भिंतीला भिंत. कडक भाकरीचं काम करते. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची, मग मंद आचेवर ठेवून पापडासारखी कडकडीत करायची आणि पुड्यात भरून दुकानांना द्यायची. बाई साठीच्या पुढची, अंगानं किडकिडीत, पण आवाज असा की विहारातला माईक बंद पडला तरी मागच्या भिंतीपर्यंत पोचतो. म्हणूनच रविवारी आणि पौर्णिमेला वंदना तीच सांगते. ती पुढं, वस्ती मागं. कमिटीत आम्ही पुरुषमाणसं जास्त, मिरवायला सगळे पुढं, पण त्रिशरण-पंचशील सांगायची वेळ आली की सगळ्यांच्या माना पारूबाईकडं वळतात.

आता आमच्या वस्तीची एक रीत सांगतो, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पंचशील म्हणजे पाच गोष्टींची कबुली. जीव मारणार नाही, चोरी करणार नाही, वाईट चालीनं वागणार नाही, खोटं बोलणार नाही, आणि पाचवं, दारू पिणार नाही. आता वस्ती म्हटली की पिणारे आलेच. मग पिणारा काय करायचा? चार शीलं खणखणीत म्हणायचा आणि पाचव्याला ओठ मिटून उभा राहायचा. कारण नुकतंच तोंडानं म्हटलेलं असतं, खोटं बोलणार नाही. बुद्धाच्या मूर्तीसमोर उभं राहून लगेच दुसऱ्या क्षणी खोटं कसं बोलायचं? ही पद्धत कुणी शिकवली नाही, आपोआप पडली. बायका डोळे मिटून, हात जोडून उभ्या असतात, पण कान सगळा नवऱ्याच्या आवाजाकडं.

पारूबाईचा नवरा लिंबाजी माझा जिगरी दोस्त. चादरीच्या कारखान्यात मागावर होता. लई प्यायचा. पण विहार चुकवायचा नाही, आणि पाचव्याला तोंड उघडायचा नाही. पारूबाई भांडली, रुसली, माहेरी होटगीला जाऊन बसली, परत आली. काही फरक नाही. एका बुद्धपौर्णिमेला तिनं पाचवं शील सांगितलं आणि मागून लिंबाजीचा घोगरा आवाज आला. बाईला पुढची गाथा सांगता येईना. आम्ही सगळे तसेच हात जोडून थांबलो. त्यानंतर लिंबाजीनं मरेपर्यंत थेंब घेतला नाही. पारूबाई मला म्हणायची, "भाऊजी, माझा संसार त्या एका वाक्यावर उभा हाय." ती हे उगीच बोलायला म्हणून बोलायची नाही. खरंच तसं होतं.

आणि त्याच वाक्यावर कंपनीचा डोळा गेला.

होटगीच्या वाटेवर एका परदेशी कंपनीचा बिअरचा कारखाना आहे. नाव घेत नाही, त्यांच्याकडं वकील लई. तिथं समाजकार्य विभागात आमच्याच वस्तीतला यशपाल लागला. शिकलेला, नम्र पोरगा. वस्तीतला पहिलाच असा की ज्याच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. तो एक दिवस कमिटीपुढं आला आणि म्हणाला, विहाराशेजारच्या मोकळ्या जागेवर कंपनी अभ्यासिका बांधून देईल. खुर्च्या, टेबलं, पंखे, इन्व्हर्टर, सगळं. त्या बदल्यात विहाराच्या हॉलमध्ये एकच कार्यक्रम घ्यायचा. कार्यक्रमाचं नाव 'मजा, पण मर्यादेत'. लोकांनी शपथ घ्यायची की आम्ही जबाबदारीनं पिऊ. परदेशातनं एक बाई येणार होत्या, कंपनीच्या नीतिमत्ता विभागाच्या प्रमुख. कुठल्या देशात कंपनी कशी वागते, हे ताडून बघायचं त्यांचं काम.

यशपालनं आम्हाला लॅपटॉपवर कंपनीची फिल्म दाखवली. काय ती फिल्म! एका देशात म्हणे रिकामी बाटली न् बाटली परत गोळा करतात आणि धुऊन पुन्हा भरतात. आमच्याकडं त्याच कंपनीच्या फुटक्या बाटल्या नाल्याच्या कडेला पडतात आणि पोरं पाय कापून घेतात. दुसऱ्या देशात दारूच्या जाहिरातीला बंदी, म्हणून कंपनी तिथं एकही फलक लावत नाही. केवढं कौतुक! अहो, बंदी आपल्याकडंही आहे की. मग इथं त्याच नावाचा, त्याच रंगाचा सोडा काढलाय, आणि त्याचा फलक लावलाय कुठं, तर पोरींच्या शाळेसमोर. तिसऱ्या देशात लोक धर्मानं पीत नाहीत, तर तिथं कंपनी बिनदारूची बिअर विकते आणि 'आम्ही तुमच्या श्रद्धेचा आदर करतो' म्हणून छाती फुगवते. शेवटी म्हणे आम्ही पाणी वाचवतो. आमच्या नळाला चार दिवसाआड पाणी. ते वाचवलेलं पाणी नेमकं कुठं ठेवलंय, ते काही फिल्ममध्ये दाखवलं नाही.

मी हे सगळं बोललो. कमिटीवाले म्हणाले, "त्रिंबकमामा, पोरांची अभ्यासिका हुतीया तर हू द्या की. तुमचं काय जातंय?" माझं काही जात नव्हतं. मी गप्प बसलो. कार्यक्रम ठरला.

मग यशपाल पारूबाईकडं आला. मी तिथंच ओट्यावर चहा पीत बसलो होतो. ती चुलीपुढं होती आणि यशपाल उंबऱ्यात उभा. आत यायचा नाही, बाहेर जायचा नाही.

"आत्या, एक बोलायचं हुतं."

"बोल की. भाकरीला काय कान हायेत व्हय?"

"सुरवात वंदनेनंच हुईल, आत्या. पण पाचवं शील तेवढं गाळा. त्या दिवसापुरतं." त्यानं मान इतकी खाली घातली होती की मला त्याचा भांगच दिसत होता. "शपथ 'मर्यादेत पिईन' आशी हाय. त्याच्याआधी 'पिणारच न्हाय' आलं तर ते जुळत न्हाय, आसं वरनं सांगितलंय."

मी कप ओट्यावर आपटला. "आरं ए, तुझी जीभ कशी रेटली रं हे बोलायला? उद्या खुनी मानूस शाळा बांधून देतो म्हणाला, तर पहिलं शील गाळायचं व्हय?"

"भाऊजी, थांबा," पारूबाई म्हणाली. तव्यावरची भाकरी करपत होती, तिचं लक्ष नव्हतं. "यशा, ह्यो निरोप कुणाचा?"

"मुंबैच्या साहेबांचा."

"त्यास्नी सांगितलंस का, आमच्यात ह्याचा अर्थ काय आसतो त्यो?"

"सांगितलं आत्या. लई समजावून सांगितलं. ते म्हणाले, पाचातली चार तर राहतातच की. ऐंशी टक्के."

ऐंशी टक्के! ऐकलंत? शीलाचे टक्के काढणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. आणि ज्या कंपनीला दुसऱ्या देशातल्या लोकांच्या श्रद्धेचा एवढा पुळका, तिला आमच्याच श्रद्धेला हात घालताना काय धाड भरली होती? तिथं कायदा कडक, लोक आवाज करतात, म्हणून आदर. इथं काय, एक अभ्यासिका पुढं ठेवली की झालं. माणसाची पायरी बघून नीती वापरायची, आणि वर तिचा विभाग काढायचा!

पारूबाईनं यशपालला हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. "बघू" म्हणाली. तो गेला.

आता तुम्ही म्हणाल, वस्ती पेटून उठली असेल. कसलं काय! कमिटीची बैठक झाली आणि माझ्यासकट दोघंतिघं सोडले तर सगळे गाळा म्हणाले. एका दिवसानं काय बिघडतंय, पुढच्या रविवारी पाचही म्हणू. त्यांचंही अगदी चुकलं असं म्हणता येत नाही, कारण पोरांचे हाल सगळ्यांना दिसत होते. पारूबाईची नात मनाली बारावीला. एकच खोली, त्यात चूल, पीठ, भाकरीचे पुडे. पोरगी दाराबाहेर पायरीवर बसून अभ्यास करायची, आणि गल्लीतनं जाणारं येणारं प्रत्येक माणूस तिच्या वहीवरून पाय टाकून जायचं. तिनं आज्जीला तोंडावर सांगितलं.

"आज्जी, मला आभ्यासिका पायजे. तू एक ओळ म्हणली न्हाईस तर काय बुद्ध रागावणार हाय का? बुद्ध रागावतच न्हाय."

पारूबाई हसली. "व्हय गं, त्यो रागावत न्हाय. त्याच्या वाटंचा सगळा राग मला आन् ह्या तिरमक भाऊजीस्नी दिलाय." पण नंतर थापताना तिची भाकरी तुटायला लागली. मी तिला कधी भाकरी तुटताना बघितलेलं नव्हतं. मी विचारलं, वहिनी, काय करणार? ती म्हणाली, "काय की, भाऊजी. पोरीचं बी खरं हाय." त्या दिवसांत तिनं मला दुसरं काही सांगितलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी विहाराबाहेर खडीचा आणि वाळूचा ढीग येऊन पडला होता. कार्यक्रम झाला की लगेच पायाचं काम सुरू करायचं, असा बेत. हॉल गच्च भरला. मुंबईचे साहेब आले, परदेशी बाई आल्या. बाईंनी पांढरे कपडे घातले होते, यशपालनंच सुचवलं असणार. पाहुण्यांच्या हातात छापील कार्ड दिली होती, इंग्रजी अक्षरांत शीलं लिहिलेली, त्यांना मागून म्हणता यावीत म्हणून. मी डोकावून बघितलं. चारच. छापखान्यातच पाचवं मारून टाकलं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मी हात जोडून उभा राहिलो.

पारूबाई पांढऱ्या साडीत माईकपुढं उभी राहिली. तिनं त्रिशरण सांगितलं, वस्तीनं म्हटलं. पहिलं शील, दुसरं, तिसरं. साहेब कार्डात बघून म्हणत होते, बाई तर मनापासून म्हणत होत्या. चौथंही सगळ्यांनी म्हटलं. मग पारूबाई थांबली.

मला वाटलं, संपलं. बाईनं पोरीसाठी मान तुकवली. वाईट वाटलं, पण तिला दोष द्यायला माझी जीभ उचलली नसती. साहेबांनी कार्ड खिशात घातलं आणि भाषणासाठी पुढं पाऊल टाकलं.

पारूबाईनं माईकवर हात ठेवला आणि पाचवं शील सांगितलं.

मी म्हणतो, तिनं ते नेहमीसारखंच सांगितलं, वर नाही की खाली नाही. पण मागून वस्तीचा आवाज आला तो असा की खिडकीची तावदानं थरथरली. कमिटीतले 'गाळा' म्हणणारेही म्हणाले. कॅमेऱ्याशेजारी उभा असलेला यशपालही म्हणाला. लहानपणापासूनची सवय, तोंडातनं आपोआप गेलं, आणि अर्ध्यात त्यानं जीभ चावली. पाहुणे तेवढे ओठ मिटून उभे. आमच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पाचव्याला गप्प बसण्याचा अर्थ त्यांना कुणी सांगायला लागत नाही.

मग पारूबाई साहेबांकडं वळून मराठीत म्हणाली, "ह्याचा अर्थ दारू पिणार न्हाय. जपून न्हाय, मापात न्हाय. पिणारच न्हाय. आता तुमची शपथ काय हाय ती सांगा, आमी ऐकतो."

साहेब शपथेचा कागद घेऊन बाजूला सरकले. परदेशी बाईंनी यशपालला बाजूला बोलावलं आणि विचारलं, हे लोक शेवटी जे म्हणाले ते माझ्या कार्डावर का नाही? पोरानं खरं सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. त्या इंग्रजीत म्हणाल्या, तेवढं मला कळलं, की आमच्या देशात हा कार्यक्रम देवळात-चर्चमध्ये घ्यायला कंपनीचीच मनाई आहे, इथं परवानगी कुणी दिली? साहेब म्हणाले, "मॅडम, इथली संस्कृती वेगळी आहे." संस्कृती! आमची संस्कृती आत्ताच हॉल हादरवून गेली होती, आणि हा बाबा तिच्याच नावावर आपलं पाप खपवत होता. मी पुढं होणार तेवढ्यात बायकोनं माझा सदरा मागून धरला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा ट्रक आला आणि खडी-वाळू भरून परत घेऊन गेला. शपथ घेऊन सांगतो, शेवटी दोन माणसांनी खराट्यानं झाडून उरलीसुरली वाळूसुद्धा पाटीत भरली. कमिटीवाले पारूबाईशी बोलेनात. मनाली आज्जीशी बोलेना. पायरीवर बसून पुस्तकात डोकं घालायची, जेवायला हाक मारली की मुकाट्यानं जेवून पुन्हा पायरीवर. पारूबाईनं तिला एकदाही समजावायला घेतलं नाही. म्हणाली, "रागावू द्या, भाऊजी. तिचं गेलंय, ती रागावणारच."

इथवर मी सोसलंही असतं. पण महिना व्हायच्या आत बातमी आली, यशपालला कामावरून काढलं. का, तर 'स्थानिक कर्मचाऱ्यानं कंपनीच्या आचारसंहितेचा भंग केला'. बाईंनी तिकडं जाऊन तक्रार केली असणार, चांगल्या मनानंच केली असणार. ती तक्रार तिकडच्या ऑफिसातनं निघाली, मुंबईत आली, आणि पायऱ्या उतरत उतरत सगळ्यात खालच्या पोरावर येऊन बसली. साहेब जागच्या जागी. नीती तिकडची, हुकूम मुंबईचा आणि गुन्हेगार आमच्या गल्लीतला!

यशपाल पारूबाईकडं येऊन बसला. तिनं त्याच्यापुढं ताटली सरकवली आणि म्हणाली, "चुकलासच तू, यशा. पण एकटा न्हाईस चुकला. खा आधी."

त्याच आठवड्यात मनालीच्या मोबाईलवर मुंबईच्या साहेबांचा फोन आला. आज्जीला द्या म्हणाले. पारूबाईचे हात पिठात, म्हणून मनालीनं स्पीकर लावून फोन फळीवर ठेवला. मी होतोच.

साहेब गोड बोलत होते. म्हणाले, झाल्या प्रकाराबद्दल कंपनी दिलगीर आहे. आम्ही ताबडतोब कारवाई केली. आमच्याकडं मूल्यांशी तडजोड होत नाही. तुम्ही कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोलाल का, की कंपनीनं चूक सुधारली? इतर देशांतल्या लोकांनाही तुमचं उदाहरण दाखवू. आणि हो, अभ्यासिकेचा प्रस्ताव अजून बंद झालेला नाही.

पारूबाईनं हात पुसले. मनाली दारात उभी राहून ऐकत होती.

"साहेब," पारूबाई म्हणाली, "यशानं मला शील गाळायला सांगितलं, खरं हाय. पण मान खाली घालून सांगितलं. तुमी त्याला मान वर करून सांगितलं आसंल. मग ज्यानं मान खाली घातली त्यालाच काढला व्हय?"

"नाही नाही, शील गाळायचा निर्णय स्थानिक पातळीवरच झाला होता. आम्हाला त्याची कल्पना नव्हती."

"खोटं बोलू नगा. माझ्यामागं हात जोडून चौथं शील तुमी बी म्हटलंय. त्ये तर तुमच्या कार्डावर हुतं."

मग साहेबांचा आवाज बदलला. म्हणाले, "आजी, भावनेच्या भरात बोलू नका. नातीच्या भविष्याचा विचार करा. परीक्षा जवळ आली असेल तिची."

पारूबाईनं दाराकडं बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत मला भीती दिसली. माझ्या तोंडात शिव्या येऊन थांबल्या होत्या, पण हा माझ्या बोलण्याचा प्रसंग नव्हता.

मनाली आत आली आणि तिनं फळीवरचा फोन उचलला. "सर, मी मनाली. आभ्यासिका मलाच पायजे हुती. आज्जीवर म्हैनाभर रुसले हुते मी त्याच्यासाठी. आमचा यशपालदादा खोटं बोलला न्हाय, त्याला घालवलात. तुमी खोटं बोलला, तुमी नोकरीवर हाय. तुमच्या खोलीत बसून मी काय शिकायचं, सर?"

तिनं फोन बंद केला, पाट ओढला, आज्जीशेजारी बसली आणि परातीतला पिठाचा गोळा हातात घेतला. तिला भाकरी थापता येत नव्हती. पहिली तुटली, दुसरीही तुटली.